जुळणें आणि खरें असणें

रोज सकाळीं चहाबरोबर वर्तमानपत्रांतील शब्दकोडें सोडविण्याचा मला नाद आहे. माझे विद्वान् मित्र याला कालापव्यय म्हणतात, आणि तो आरोप मी नाकारीत नाहीं. पण इतकीं वर्षें तर्कशास्त्र शिकवूनही जी गोष्ट मला उमगली नव्हती, ती या खेळानें मला शिकविली.

परवां ‘कमळ’ या अर्थाचा तीन अक्षरी आडवा शब्द हवा होता. मीं बेधडक ‘पंकज’ लिहिलें. शेवटच्या ‘ज’वरून खालीं उतरणारा उभा शब्द बिनचूक जुळला, आणि माझी खात्री पटली. वास्तविक जलज, अंबुज, सरोज, नीरज या साऱ्यांनाच तो ‘ज’ सारखाच अनुकूल. मीं मात्र त्याला केवळ माझ्याच शब्दाचा साक्षीदार मानलें! पुढें मधल्या घरांत ‘र’ मागणारा दुसरा उभा शब्द आला, तेव्हां मला चूक दिसली ती त्या शब्दांत; माझ्या ‘पंकजां’त नव्हे.

हा मोह फावल्या वेळापुरताच असता, तर त्याची चिंता नव्हती. १९४४ सालच्या मे महिन्यांत व जूनच्या आरंभीं इंग्लंडमधील ‘डेली टेलिग्राफ’ पत्राच्या कोड्यांत युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून हे शब्द पाठोपाठ आले. नॉर्मंडीवरील नियोजित स्वारीच्या संबंधांतलीं तीं गुप्त नांवें होतीं. कोडीं रचणारे लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यांची कसून चौकशी केली, आणि दोष न आढळल्यानें त्यांना सोडून दिलें. पुढें १९८४ सालीं त्यांच्या एका माजी विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, सैनिकांकडून ऐकलेले ते शब्द आपणच कोड्याच्या चौकटींत भरले होते. ऐन युद्धांत पांच शब्द जुळले असतांही त्या अधिकाऱ्यांनीं निकाल देण्यापूर्वीं माणसाला विचारलें.

मीं विचारलें नाहीं. बारा वर्षांपूर्वीं दोन उत्तरपत्रिकांत मला एकच विलक्षण चूक आढळली. दोघे विद्यार्थी शेजारीं बसलेले. त्यांतील एक आजवर जेमतेम उत्तीर्ण होणारा. सारें जुळलें. मीं त्याच्यावर नकलेचा शेरा लिहिला. त्याचें वर्ष बुडालें, आणि तो पुन्हां कॉलेजांत आला नाहीं. ती चूक एका जुन्या टिपणवहींतली होती व दोघांनींही त्याच वहीवरून अभ्यास केला होता, हें मला कळलें तें दोन वर्षांनीं.

कोणी म्हणेल, इतका संशय बाळगला तर निर्णय घेणेंच अशक्य होईल. पण मी निर्णय टाळावा असें म्हणत नाहीं. पुरावा जुळला म्हणजे ‘याच घरांत दुसरा शब्द बसेल काय?’ एवढें विचारावें. आणि प्रश्न माणसाचा असेल तेथें तो त्या माणसालाच विचारावा. हें सौजन्य नव्हे, कर्तव्य आहे. कोड्याचें उत्तर उद्यां छापून येतें. माणसाविषयीं लिहिलेल्या शब्दाचें बहुधा येत नाहीं.

आतां मी कोडें पेन्सिलीनें सोडवितों. शेरा लिहितांनाही माझी लेखणी थांबते. त्या विद्यार्थ्याला मात्र त्याचा कांहींएक उपयोग नाहीं.