रुळांचे पापपुण्य

४ मार्च १८७० रोजी जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू झाला, आणि एवढ्याशा फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. तीन दिवसांनी जबलपूरला मुंबईकडून आलेले रूळ कलकत्त्याकडून आलेल्या रुळांना मिळाले आणि देश गाडीत बसून आडवा ओलांडता येऊ लागला. आदल्याच वर्षी अमेरिकेचे दोन किनारे रुळांनी जोडले गेले होते, सुएझचा कालवा खुला झाला होता. १८७० च्या उन्हाळ्यात प्रशियाने काही आठवड्यांत लाखो सैनिक आगगाड्यांनी फ्रान्सच्या सीमेवर नेऊन उभे केले. डिसेंबरअखेर फ्रान्स आणि इटलीच्या बाजूंनी आल्प्स पोखरत आलेले मजूर डोंगराच्या पोटात एकमेकांना भेटले. ज्यूल व्हर्नचा नायक ऐंशी दिवसांत जग फिरायला निघतो ती कादंबरी दोन वर्षांनी आली, ती या वर्षाच्या बळावर. (कादंबरीत आपल्याकडचे रूळ मध्येच तुटलेले दाखवले आहेत, प्रत्यक्षात ते तोवर जोडून झाले होते.) जगभर चाललेल्या या उलाढालीत खामगावचे नाव का यावे? कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हापासून वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साहेबाची नजर लागली होती. मुंबईहून निघालेली मुख्य लाइन मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी नागपूरला १८६७ मध्येच पोचली होती. उरला होता तो बाजार आणि स्थानक यांमधला बैलगाडीचा टप्पा. तो या फाट्याने पुसला.

अशा घटनेकडे प्रगतीचा टप्पा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. तिच्याकडे धर्माच्या अंगाने पाहणारा सर्वांत धारदार माणूस मात्र चाळीस वर्षांनी आला. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना गांधींनी आगगाडीवर तीन आरोप ठेवले. तिने प्लेग देशभर पसरवला. तिच्यामुळे धान्य महाग बाजाराकडे ओढले जाऊन दुष्काळ वाढले. आणि तिने तीर्थे बाटवली, कारण पूर्वी कष्ट सोसून खरे भाविकच तिथे पोचत, आता लबाडही पोचतात. या तिन्हींच्या मुळाशी त्यांचा एक सिद्धान्त आहे. चांगुलपणाची चाल सावकाश असते, वाईट मात्र झपाट्याने पसरते. म्हणून वेग देणारे साधन मुळातच वाइटाच्या बाजूचे. यावर पहिला शेरा ठरलेला असतो: गांधी स्वतः आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने देशभर हिंडले, हे पुस्तकही त्यांनी आगबोटीत बसून लिहिले. हा शेरा कामाचा नाही. सांगणारा गाडीत बसतो म्हणून सांगणे खोटे ठरत नाही. ते तपासायचे तर जिथे रूळ कापसासाठी आले आणि पुढे देवाच्याही कामी आले, अशा जागी तपासावे. बुलढाणा जिल्ह्यासारखी जागा त्यासाठी शोधूनही सापडणार नाही.

तीर्थाचा आरोप आधी घेऊ, कारण तो ऐकताक्षणी पटतो आणि विचार केल्यावर पटेनासा होतो. कष्ट ही भक्तीची चाळणी आहे, असे गांधी धरून चालतात. पण चाळणीत काय उरते ते पाहिले पाहिजे. आगगाडी नव्हती तेव्हा वऱ्हाडातून पंढरपूरला कोण जाऊ शके? ज्याचे पाय धड, ज्याच्या घरी महिना-दीड महिना शेत सांभाळायला दुसरे कोणी, आणि वाटेत पटकीने गाठले तर मागे रडणाऱ्यांची पोटे भरतील एवढी ज्याची ऐपत, तो. लेकुरवाळी बाई, म्हातारी, ऐन पेरणीत दुसऱ्याच्या रानावर राबणारा सालदार हे त्या चाळणीतून गळत. त्यांची भक्ती कमी म्हणून गळत नव्हते. त्यांना सवड नव्हती म्हणून गळत होते. आणि उलट बाजूने, पायी चालणाऱ्यांत लबाड नव्हते असे कोण म्हणेल? संतांनी ढोंगी तीर्थयात्रेवर जे कोरडे ओढले, ते आगगाडी यायच्या दोन-अडीचशे वर्षे आधीचे आहेत. वारकरी परंपरेने मान दिला तो नेमाला. देहदंड, उपवास, काट्यांवर झोपणे यांकडे ती कधी फारशी वळली नाही. आषाढी-कार्तिकी चुकवायची नाही, हा नेम. चालणे त्याचे सुंदर रूप आहे, सामुदायिक रूप आहे, पण पुण्याचे माप मैलांत मोजणे ही त्या परंपरेची भाषा नव्हे.

याला शेगावइतका चांगला दाखला मिळणार नाही. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावी प्रकट झाले, तेव्हा गावाशेजारून गाड्या धावू लागून बरीच वर्षे झाली होती. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात आगगाडी सहज येते-जाते. तिच्याविषयी ना नवल आहे, ना विटाळ. पंढरीला जाताना मंडळी शेगावहून आधी पायी नागझरीला जातात, संत गोमाजींच्या समाधीचे दर्शन घेतात आणि तिथून गाडीत बसतात, असे त्यात वर्णन आहे. शेगावला स्टेशन असताना नागझरीपर्यंत चालत जायचे, हा हिशेब मोठा बोलका आहे. जेवढ्या वाटेला अर्थ आहे तेवढी पायी, उरलेली रुळांवरून. पंढरपूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९०६ मध्ये पोचली, म्हणजे गांधींनी आरोप लिहिण्याच्या तीन वर्षे आधी. त्या गाडीने वारी आटली नाही. आजही शेगावची पालखी महिनाभर चालून पंढरपूर गाठते आणि त्याच वेळी हजारो माणसे विशेष गाड्यांनी तिथे उतरतात. दोघांत कोणाची वारी खरी, हा प्रश्न विठ्ठलापेक्षा आपल्यालाच जास्त छळतो. याच ग्रंथात दुसरा प्रसंग आहे, तो आगगाडीच्या स्वभावावर अधिक प्रकाश टाकतो. दिगंबर अवस्थेतले गजानन महाराज बायकांच्या डब्यात जाऊन बसतात, पोलीस येतात, प्रकरण जठार नावाच्या साहेबांपुढे जाते. भक्तासाठी ही अवधूताची लीला. पण बाहेरून पाहिले तर इथे दोन व्यवस्था समोरासमोर आल्या आहेत. एकीला माणसाचा वर्ग, तिकीट, डबा ठरवल्याशिवाय त्याला हलवता येत नाही. दुसरीला यांतले काहीच ठाऊक नाही. यातला अडथळा वेगाचा नाही, वर्गवारीचा आहे. गांधींचे बोट वेगावर राहिले.

धान्याच्या आरोपाशी आलो की मात्र गांधींचे पारडे जड होते. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडच्या कापसावर आणि दुष्काळावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आहे. ज्वारीची जमीन कापसाखाली गेली, रान तुटले, लमाणांचे तांडे मोडले आणि खेड्याचा धान्याचा साठा ओसरला, असे त्यातले चित्र आहे. ज्वारीने भरलेले पेव हा वाईट वर्षाचा विमा होता. बाजार दाराशी आला की पेव भरून ठेवणारा वेडा ठरतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात १,४३,००० माणसे उपासमारीने मेली आणि त्याच काळात प्रांतातून कापसाच्या गाठींबरोबर ७,४७,००० बुशेल धान्य बाहेर गेले, असा आकडा इतिहासकार माइक डेव्हिस देतात. लंडनच्या सरकारला ही बातमी कळायला उशीर झाला असेल, असेही म्हणता येत नाही. मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडले गेले तेही १८७० मध्येच. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजाराला कळत होता, तर वऱ्हाडची भूक लंडनला कळायला काय अडचण होती?

इथे अर्थशास्त्री आक्षेप घेतील, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. रॉबिन बर्जेस आणि डेव्ह डोनाल्डसन यांनी दुष्काळांच्या काळातल्या भारताचा अभ्यास करून दाखवले की जिथे रेल्वे पोचली तिथे पाऊस चुकल्याचा फटका सौम्य झाला. माल इकडून तिकडे जाऊ लागला, भाव सारखे होऊ लागले. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही यासाठीच रेल्वे वाढवायला सांगितले होते. सरासरीचे हे सत्य मान्य करायला हवे. एरवी ज्या जिल्ह्यात दाणा पोचलाच नसता तिथे तो पोचला, आणि त्यामुळे जगलेल्या माणसांची नावे कुठल्याच यादीत येत नाहीत, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. पण रूळ भाव सारखे करतात, मजुरी सारखी करत नाहीत. शेगावच्या आणि मुंबईच्या ज्वारीचा भाव जवळ आला तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगाराची मिळकत खामगावात कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाती आली नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत धान्य जलंबच्या दिशेने निघाले, कारण तिच्यापेक्षा जास्त देणारा कोणी लांब का होईना, होता. सरासरी सुधारली म्हणून तिचे मरण हिशेबातून वजा होत नाही. धर्माचा प्रश्न सरासरीला विचारताच येत नाही. तो एकेकाला विचारावा लागतो.

मग दोष रुळांचा की माणसांचा? ‘साधन निर्दोष असते, वापरणारा दोषी’ हे उत्तर आपल्याकडे शाळकरी निबंधापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे तयार असते. चाकूबद्दल ते चालेल. रुळांबद्दल नाही, कारण चाकू कुठेही नेता येतो आणि रूळ जिथे टाकले तिथेच राहतात. ते कुठून निघतात, कुठे संपतात आणि वाटेत कोणाला वगळतात, यातच टाकणाऱ्याचा संकल्प पक्का होऊन बसतो. जलंबचा फाटा खामगावच्या कापूसबाजाराशी येऊन थांबला; पुढे माणसे राहत होती, पण तिकडे गाठी नव्हत्या. पुढच्या दीडशे वर्षांत कोणी कितीही सद्भावनेने त्या गाडीत बसले तरी फाट्याची दिशा बदलत नाही. कर्म करणारा गेला तरी कर्म मागे उरते, ते असे. यावर भाविक मन दुसरी वाट काढते: इंग्रजाने रूळ कापसासाठी टाकले असतील, पण देवाने ते शेगावच्या यात्रेसाठी टाकून घेतले. ही कल्पना गोड आहे, आणि म्हणूनच ती जपून वापरावी. यात्रा देवाच्या खात्यावर जमा करायची असेल, तर १९०० साली बाहेर गेलेले धान्य कोणाच्या नावे मांडायचे? जमा देवाची आणि खर्च इंग्रजाचा, असा हिशेब कुठलाही कारकून मंजूर करणार नाही. चांगले फळ हाती आले तर ते आनंदाने घ्यावे. त्याने मूळ हेतू शुद्ध होत नाही, आणि मूळ हेतू मलीन होता म्हणून फळही टाकावे लागत नाही.

आणखी एका पुण्याचा दावा रेल्वेच्या नावे केला जातो, तो समतेचा. एकाच बाकावर सगळे बसले की जात विरघळेल. कार्ल मार्क्सनेही १८५३ मध्ये रेल्वेमुळे जातींची चौकट मोडेल असा अंदाज केला होता. खरेच, डब्यात गर्दी झाली की सोवळे सांभाळणे अवघड होते. पण बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत सांगितलेला १९०१ चा प्रसंग या दाव्याची मर्यादा नेमकी दाखवतो. लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत कोरेगावला वडिलांकडे निघाले होते. गाडीने त्यांना मसूर स्थानकापर्यंत बिनबोभाट आणले. जात कळल्यावर मागे सरकला तो स्टेशनमास्तर; बसवून घ्यायला नकार दिला तो बैलगाडीवाल्यांनी. शेवटी दुप्पट भाडे मोजून मुलांनीच गाडी हाकायची, असे ठरले. वेगवान साधन वागले बरे, सावकाश साधनाने छळले. चांगुलपणाची चाल सावकाश असते या सिद्धान्ताला यापेक्षा मोठा अपवाद काय हवा? त्याबरोबर हेही खरे की रुळांनी स्थानकाबाहेरची एक इंचही जमीन बदलली नाही.

बुलढाणा जिल्ह्यात हा वाद पुस्तकी नाही. इथे घाटाखाली आणि घाटावर असे दोन मुलूख आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. तिथे रूळ आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. जिल्ह्याचे ठाणे असूनही बुलढाण्याला स्टेशन नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. वेगाने माणूस बिघडतो हे खरे असते तर या पाच-सहा तालुक्यांत एव्हाना सत्ययुग नांदायला हवे होते. तिथल्या शेतकऱ्याला मात्र सोयाबीन ट्रकने पाठवावे लागते आणि पोराला परीक्षेसाठी रात्रभर एसटीत बसवावे लागते. पंढरपूरहून परतताना शेगावची पालखी जालना, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव याच पट्ट्यातून येते. नकाशावर जो मार्ग अजून कागदावरच आहे, त्यावरून वारकरी दरवर्षी चालत येतात. उद्या तो झालाच, तर पालखी चालायची थांबेल ही भीती मला वाटत नाही. मला वाटणारी भीती निराळी आहे. १८७० मध्ये फाटा कुठे संपवायचा हे कापसाने ठरवले. या खेपेला ते कोण ठरवणार? मालगाडीचा भरणा किती होईल याच एका आकड्यावर मार्ग तोलला गेला, तर मधल्या गावांत पादचारी पूल, थांबा, गरिबाला परवडणारी पॅसेंजर यांचा विचार सर्वांत शेवटी होईल, आणि घाटावरची माणसे आपल्या रानातून जाणारी गाडी नुसती बघत राहतील. गांधींना प्रश्न विचारायचा होता तो गाडी किती जोरात धावते हा. विचारायला हवा तो ती कुठे थांबते हा, आणि खामगाव-जालन्याच्या बाबतीत तो विचारायला अजून वेळ गेलेली नाही.