प्रमाद कोणाचा?

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात १८ मार्च २०१८ च्या रात्री उबर कंपनीच्या चाचणीवरील स्वयंचलित मोटारीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस धडक दिली व तीत तिचा मृत्यू झाला, तेव्हा यंत्राकडून घडलेल्या प्राणहानीचे कर्तृत्व कोणाकडे जाते, हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात केवळ प्राणहरणास हिंसा म्हटलेले नसून प्रमादाने, म्हणजे असावध व विकारवश वृत्तीने, घडलेले प्राणहरण ही हिंसा मानली आहे. यंत्राला वृत्तीच नसल्यामुळे ते या व्याख्येत हिंसक ठरत नाही आणि शोध माणसांकडेच वळतो.

परंतु कोणत्या माणसांकडे? तपास करणाऱ्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाला असे आढळले की, संगणकप्रणालीने त्या स्त्रीला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते. मात्र ही प्रणाली तिची कधी वाहन, कधी सायकल, कधी अन्य वस्तू अशी बदलती नोंद करत राहिली, प्रत्येक बदलासरशी आधीच्या हालचालीची नोंद बाजूला पडली आणि ठरावीक जागा सोडून रस्ता ओलांडणारा पादचारी ही शक्यता रचनेत धरलेलीच नव्हती. देखरेखीसाठी बसलेली चालक मोबाइलकडे पाहत होती, हे खरे. शिक्षाही तिलाच, २०२३ मध्ये तीन वर्षांच्या परिवीक्षेची, झाली, तर कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

जैन विचार इतक्यावर थांबत नाही. कृती स्वतः केलेली (कृत), दुसऱ्याकडून करविलेली (कारित) आणि संमती दिलेली (अनुमत) अशी त्रिविध असून तिच्या संरंभ म्हणजे संकल्प, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष प्रवृत्ती अशा तीन अवस्था मानल्या आहेत. शिवाय कर्मबंध ज्याचा त्याचा असल्याने एकाच्या दोषाने दुसऱ्याचा दोष उणा होत नाही. कंपनी हा जीव नव्हे, त्यामुळे हे विवेचन तिला जसेच्या तसे लागू करता येणार नाही, पण तिच्यातील माणसांना ते चुकत नाही, आणि पुरेशा अटींवाचून चाचणीस मुभा देणारे शासनातील लोकही अनुमतात मोडतात. सुरक्षा-मूल्यांकन सादर करणे सक्तीचे करावे, अशी शिफारस मंडळाने २०१९ मध्ये केली. २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने अपघात कळवणे बंधनकारक केले, परंतु अशी नोंद आरंभानंतरची असते आणि समारंभाची, म्हणजे प्रणालीच्या रचनेची, तपासणी तिने होत नाही.