जागेवर बस

मधली सुट्टी संपत आली होती. तिसरीतली एक मुलगी धावत माझ्याकडे आली. "बाई, ते त्याला परत तोत्र्या म्हणतायत." माझ्या हातात पोषण आहाराची वही होती, खिचडीचा हिशेब राहिला होता. "चहाड्या सांगू नकोस, जागेवर बस," मी म्हणाले. ती बसली आणि त्यानंतर मला काही सांगायला आली नाही. पुढे तो मुलगा प्रकट वाचन असलं की पोटात दुखतंय म्हणून घरी राहू लागला, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

मी त्या मुलीची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. 'कुणी त्रास दिला तर बाईंना सांगा' असं आपणच शिकवायचं आणि लेकरू सांगायला आलं की त्यालाच चहाडखोर ठरवायचं, ही आपली फार जुनी खोड आहे. आता वर्गात मी फरक उघड सांगते. कुणाला ओरडा बसावा म्हणून सांगितलं तर ती चहाडी, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर ती मदत. आठ वर्षांच्या मुलांना हे चटकन कळतं.

टोरोंटोतल्या प्राथमिक शाळांत संशोधकांनी मैदानावरच्या मुलांचं चित्रीकरण केलं होतं. २००१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दादागिरी चालू असताना ८८ टक्के वेळा इतर मुलं तिथे हजर होती, पण कुणी मध्ये पडलं ते फक्त १९ टक्के वेळा. आणि जेव्हा पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा १० सेकंदांच्या आत तो प्रकार थांबला. दहा सेकंद! फळा पुसायलाही याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून आम्ही सराव करतो. दोघं चिडवायचं नाटक करतात आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "थांब, हे मला आवडत नाही." पहिल्या खेपेला सगळी खाली बघतात. चौथ्या-पाचव्या खेपेला एखाद्याला कंठ फुटतो. समोरचा अंगानं मोठा असेल तर एकट्यानं भिडायचं नाही, धावत येऊन मोठ्यांना सांगायचं, हेही मी बजावते. चिडवणारं पोरही माझंच आहे. त्याच्याशी मी वेगळं, शांतपणे बोलते.

त्या मुलीला मात्र काही शिकवावं लागलं नाही. एके दिवशी तिनं आपली ताटली उचलली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. बोलली काहीच नाही. खिचडीतले शेंगदाणे वेचून त्याच्या ताटलीत टाकत राहिली.

आज मूल घरी आलं की डबा संपवलास का, हे विचारण्याआधी विचारा, "आज कुणी एकटं बसलं होतं का?" आणि ते सांगू लागलं की हातातलं काम खाली ठेवा.