पुष्ट देह, क्षीण ग्रंथी

जनावर धष्टपुष्ट दिसले की ते निरोगी असणारच, असे आपण धरून चालतो. बाजारात भाव ठरतो तोही वजनकाट्यावर. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण सहसा माणसांच्या बाबतीत वापरतो. परंतु गेल्या काही दशकांत ती युरोपातील गोठ्यांनाही तंतोतंत लागू पडली आहे. देहाची वाढ आणि देहाचे कल्याण या एकच गोष्टी आहेत काय, असा नीतीचा प्रश्न त्या गोठ्यांनी आपल्यापुढे उभा केला आहे.

डेक्सामेथासोन हे औषध २०२० सालापासून पुष्कळांना नावाने ठाऊक झाले. कोविडने अत्यवस्थ होऊन प्राणवायूवर असलेल्या अनेक रुग्णांचे प्राण त्याने वाचविले. शरीराची प्रतिकारयंत्रणा बेफाम होऊन स्वतःच्याच फुप्फुसांवर उलटते, तेव्हा तिला आवर घालणे हे त्याचे काम. हेच औषध मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या वासरांना अल्प मात्रेत काही आठवडे चारले, तर त्यांची भूक वाढते, स्नायूंत पाणी साठून राहते आणि वजन चढते. युरोपीय संघाच्या देशांत केवळ वाढीसाठी असा वापर करण्यास बंदी आहे. तरीही तो चोरून होत आला.

या वजनाची किंमत वासराच्या मानेत व छातीत असलेली थायमस नावाची ग्रंथी मोजते. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या टी-पेशी याच ग्रंथीत परिपक्व होतात. औषधाच्या प्रभावाने ती आकसते, तिच्यातील पेशी नष्ट होतात आणि त्यांची जागा चरबी घेते. अंगावर मांस चढत असते, त्याच वेळी आतले पहारेकरी एकामागून एक कमी होत असतात. औषधाचा अंश मूत्रातून थोड्याच दिवसांत नाहीसा होतो, ग्रंथीवरील खुणा मात्र त्यानंतरही काही काळ उरतात. म्हणूनच इटलीत कापलेल्या वासरांची थायमस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हा चोरटा वापर हुडकण्याची पद्धत रूढ झाली. मालकाने लपविलेले सत्य मुक्या जिवाची ग्रंथी सांगते.

यावर कोणी म्हणेल, ‘वासरू काही महिन्यांत कापले जाणारच; मग त्याच्या प्रतिकारशक्तीची एवढी चिंता कशाला? उलट मांस स्वस्त झाले, तर ते गरिबाच्या ताटात पडेल.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गरिबाचे ताट ही नीतीच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. पण चोरून मिळविलेल्या वजनाचा नफा प्रथम गरिबाच्या ताटात पडतो की व्यापाऱ्याच्या गल्ल्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या जनावराला संसर्ग लवकर गाठतो, मग त्याला प्रतिजैविके द्यावी लागतात. जंतू ती औषधे पचवायला शिकले, तर उद्या माणसाच्या आजारातही ती निकामी ठरतात. हे भय ओळखूनच युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली. आपल्या देशानेही २०१९ साली कोलिस्टिन हे अखेरच्या उपायाचे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यास मनाई केली. आजचे स्वस्त मांस उद्याच्या रुग्णाला महाग पडणार असेल, तर त्याला स्वस्त म्हणता येईल काय?

शिवाय जनावर मरणार आहे म्हणून त्याच्या जगण्याला मोल नाही, हा तर्कच लंगडा आहे. मरणार तर आपणही आहोत. ज्याचा प्राण आपण आपल्या पोषणासाठी घेतो, त्याचे आपण ऋणी असतो. आणि त्याचे थोडके आयुष्य धडधाकट असावे, एवढे तरी ते ऋण आपल्याकडून मागते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पुष्ट वासरू आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. घरच्या चाऱ्यावर, कोणाच्या तरी देखरेखीखाली ते वाढले होते. त्या पुष्टीमागे दिवसांचे कष्ट होते. औषधाने आणलेली पुष्टी कष्ट आणि काळ या दोहोंना फाटा देऊ पाहते.

आणि एक असत्य कधी एकटे राहत नाही. बेल्जियममधील पशुवैद्यकीय निरीक्षक कारेल व्हान नोपेन बेकायदा संप्रेरकांच्या व्यापाराचा माग काढीत होते. २० फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. २००२ साली न्यायालयाने या प्रकरणी चौघांना दोषी ठरविले. चार किलो जादा वजनाच्या लोभाने सुरू झालेली वाट एका कर्तव्यनिष्ठ माणसाच्या रक्तापर्यंत गेली.

औषध वाईट नाही. आजारी जनावराला ते देणे हे दयेचेच कृत्य आहे. बिघडलेले शरीर पूर्वपदावर आणण्यासाठी औषध देणे वेगळे आणि निरोगी शरीराची ढाल काढून घेऊन तिच्या मोबदल्यात मांस मिळविणे वेगळे. पहिल्यात आपण त्या जिवाचे राखणदार असतो, दुसऱ्यात लुटारू. गिऱ्हाईक म्हणून आपणही या व्यवहारात आहोत. म्हणून रविवारच्या बाजारात भाव विचारताना, हे जनावर कसे वाढविले, काय खाऊन वाढले, हेही विचारावे. आणि प्रामाणिक पाळणाऱ्याला चार पैसे अधिक द्यावे लागले, तर ते कुरकुर न करता द्यावेत.