वास्तव्य आणि हेतू

समुद्र ओलांडून परमुलुखात राहणे धर्माला मंजूर आहे की नाही, हा वाद एके काळी आपल्याकडे फार रंगला. पंक्तिव्यवहार आणि प्रायश्चित्त या दोन शब्दांभोवतीच तो फिरत राहिला. आता तो मिटला आहे. उत्सवाची वर्गणी परदेशातून आली तर कोणी परत करीत नाही. परंतु वादाच्या पोटातला खरा प्रश्न तसाच राहून गेला, असे आम्हांस वाटते. नव्या नगरीत घर करताना माणसाने काय सोडावे आणि काय धरून ठेवावे?

कायद्याची दृष्टी या बाबतीत सरळ आहे. अधिवास बदलला असे ठरण्यास प्रत्यक्ष वास्तव्य हवे आणि तेथेच कायम राहण्याचा हेतूही हवा. हेतू सिद्ध होईतो जन्माचा अधिवास सुटत नाही. व्याख्या सोयीची खरी. पण परक्या शहरातल्या पहिल्या हिवाळ्याविषयी ती काहीच सांगत नाही.

आनंदीबाई जोशी यांचेच उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीर सांगितले. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा वय अवघे अठरा. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरात घेतले. पुढे वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तेथली थंडी कडाक्याची. हेतू कितीही पक्का असला तरी त्याने अंगात ऊब येत नाही! नऊवारी सोडून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. शाकाहार मात्र सोडला नाही. आणि कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणू लागल्या.

जुन्या वळणाच्या माणसाला यातली साडी खटकेल, सुधारकाला शाकाहार हट्टाचा वाटेल. आमच्या मते अधिक विचार 'मावशी' या शब्दाचा व्हावा. नेसण्याची तऱ्हा उद्या पुन्हा बदलता येते. एखादीला मावशी म्हटले की तिचे ऋण लागते, आणि ते गावी परतल्याने फिटत नाही.

आम्हां सदलगेकरांना हे उमजणे कठीण नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. दूधगंगा जागची हलली नाही, कोणी गाठोडे बांधले नाही; वास्तव्य तेच राहिले आणि हेतू कोणी विचारला नाही. सरकारी कागद पुढे कानडीत येऊ लागले, त्याची तक्रार आम्ही आजही करतो, आणि ती रास्तच आहे. पण शेजारच्या ज्या कानडी गृहस्थांना आम्ही लहानपणापासून काका म्हणत आलो, ते त्या दिवशी परके झाले नाहीत.

आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन बोलल्याप्रमाणे परत आल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. ते काम मात्र त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. कायदा म्हणेल, त्यांचा मूळ अधिवास कधी सुटलाच नाही. पण त्यांची रक्षा अमेरिकेस मावशींकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, मावशींच्या कुळाच्या दफनभूमीत ठेवली गेली. हा पुरावा कोणत्या बाजूने वाचावा, याचा निर्णय आम्हांस अजून करता आलेला नाही.