‘आईने कधी तक्रार केली नाही’

अंबरनाथ येथील आमच्या मंडळीतील एक वृद्ध माता प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. दफनविधी आटोपल्यावर त्यांचे ज्येष्ठ पुत्र चार शब्द बोलावयास उभे राहिले. ते म्हणाले, “आईने जन्मात कधी तक्रार केली नाही.” जमलेल्यांनी माना डोलावल्या; आम्हीही डोलावली. त्यापूर्वी अर्ध्या तासावर आम्ही स्वतः नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायावर प्रवचन करून जवळजवळ हेच सांगितले होते. घरी परतताना मात्र ते वाक्य आमच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. बाईंनी तक्रार केली नाही हे खरे. परंतु त्यांना काही दुखते-खुपते काय, असे आम्हां कोणी त्यांस कधी विचारले होते काय?

नगर जिल्ह्यातून लग्न होऊन त्या इकडे आल्या. पती ऑर्डनन्स फॅक्टरीत कामास. चार मुले, दीर, सासूबाई आणि गावाकडून नोकरी शोधावयास आलेला कोणीना कोणी पाहुणा, इतके सारे दोन खोल्यांत. दुपारी उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीनच्या विजारींचे गठ्ठे येत, त्यांचे दोरे कापून त्या मुलांच्या वह्यापुस्तकांचे पैसे काढीत. रविवारी शब्बाथशाळा. आठवड्यातून एकदा डबा घेऊन त्या उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जात आणि ज्याच्या खाटेजवळ कोणी नसे त्याच्यापाशी बसत. तो कोणत्या धर्माचा हे त्यांनी पाहिले नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीला महापूर येऊन बदलापूरची घरे पाण्याखाली गेली, तेव्हा ह्याच बाईंनी शेजारणींकडून पीठ मागून आणून भाकऱ्या थापल्या व पाणी उतरताच त्या बदलापुरास पोहोचविल्या. हे सर्व आम्ही दफनविधीत सांगितले. सांगितले नाही ते एवढेच की, त्या दिवसाच्या भाकऱ्या थापण्यास मंडळीतील एकही पुरुष बसला नव्हता, आणि पाळकही नव्हता.

तर प्रश्न असा आहे: ज्या सोशिकपणाची आपण स्तुती करतो, तो त्या स्त्रीचा सद्गुण की आपली सोय? एखाद्याने आपले ओझे मुकाट्याने वाहिले तर ती त्याची थोरवी होय. परंतु त्या ओझ्यात आपले गाठोडेही असेल आणि ते त्याच्या डोक्यावर चढविणारे आपणच असू, तर त्याच्या मुकेपणाचे गोडवे गाण्याचा आपणांस अधिकार कितपत पोहोचतो?

नीतिसूत्रांचा तो अध्याय आम्ही त्या रात्री पुन्हा उघडला. तो शेकडो अंत्यविधींत वाचला जातो. परंतु त्यात मेलेल्या स्त्रीचे वर्णन मुळीच नाही. त्या बाईची मुले व पती तिची वाखाणणी करतात ती तिच्या हयातीत, तिच्या समोर. ती शेत पाहून विकत घेते, द्राक्षमळा लावते, वस्त्रे विणून व्यापाऱ्यांस देते. म्हणजे तिच्या हाती पैसा आहे व निर्णयही आहे. आणि शेवटच्या वचनात नुसती स्तुती नसून आज्ञा आहे, की तिच्या हातच्या कमाईचा वाटा तिला द्यावा. प्रवचन करताना आम्ही स्तुतीपाशी थांबलो होतो. आज्ञेवरून आमची नजर इतकी वर्षे कशी घसरत गेली, ह्याचे आम्हांस नवल वाटते, व थोडी लाजही.

येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. आमच्या बहुतेक वाचकांस त्या ठाऊक आहेत. जन्म १८६८ सालचा. माहेरी सोवळे असे की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावयाचे! शाळा कधी पाहिली नाही. अक्षरओळख झाली ती पतीकडून. १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले, आणि काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे राहुरीस असताना, जातिभेद देवाने केलेला नसून मनुष्याने केलेला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे आयुष्य परक्या मुलांना पोटाशी धरण्यात, आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यात व अनेक मुखांच्या संसारात गेले. टिळक उदार होते, कवी होते, आणि घरात उद्या काय शिजणार ह्याची चिंता करणाऱ्यांपैकी नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. हा त्याग थोर खराच. परंतु तो चुलीपाशी कोणाला निभवावा लागला, हे पुरुषमंडळींच्या भाषणांत सहसा येत नाही.

ते येते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त. १९३४ ते १९३६ ह्या काळात ती चार भागांत निघाली. ह्या बाईंनी तक्रार केली, पानोपानी केली! पतीचा उधळेपणा, त्याचा राग, स्वतःचा हट्ट, भांडणे, रुसवे, काहीही झाकून ठेवले नाही. आणि तरी ते पुस्तक वाचून टिळकांविषयीचा आदर वाढतो, कमी होत नाही. कारण ती तक्रार प्रेमाच्या पोटातून आलेली असून हसत हसत सांगितलेली आहे. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ सुमारे दहा अध्यायांवर थांबले होते. पुढचे ६४ अध्याय लिहिले ते ह्याच तक्रारखोर पत्नीने. एकदाही कुरकुर न केलेल्या एखाद्या साध्वीचे चरित्र आपणांस ह्याहून अधिक शिकविते, असे आम्हांस वाटत नाही.

(जाता जाता एक गोष्ट. उतारवयात लक्ष्मीबाई पुत्राच्या कुटुंबाबरोबर काही काळ कराचीस राहिल्या. १९३६ साली त्या वारल्या. पुढे ११ वर्षांनी देशाची फाळणी झाली व सिंधमधून निघालेले हजारो लोक कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत येऊन पडले. तेच १९४९ साली उल्हासनगर झाले. तेथील कित्येक आयांनी पापड लाटून घरे उभी केली. त्यांच्या नातवंडांच्या तोंडूनही आम्ही अभिमानाने सांगितलेले हेच वाक्य ऐकले आहे: आजीने कधी तक्रार केली नाही. तेव्हा हा दोष केवळ ख्रिस्ती मंडळीचा आहे असे नव्हे.)

कोणी म्हणेल, पवित्र शास्त्रात कुरकुरीचा निषेध आहे. अरण्यात इस्राएल लोकांनी कुरकुर केली व तिचे फळ भोगले. हे खरे. परंतु ज्यांना मान्ना मिळत होता त्यांची ती कुरकुर होती. मान्ना वेचून, शिजवून, सर्वांस वाढून शेवटी उपाशी बसणारीची नव्हे. हन्नेने मंदिरात आपले दुःख ओतले तेव्हा याजकाने तिला मद्य प्यालेली ठरविले. परमेश्वराने मात्र तिचे ऐकले. मार्थेने तर प्रभूकडेच तोंडावर तक्रार केली. प्रभूने तिची समजूत घातली, पण तिला दोनदा नावाने हाक मारून. आम्ही पाळक लोक मार्थेविरुद्ध पुष्कळ उपदेश करतो, आणि तो बहुधा तिच्याच हातचे जेवण्यापूर्वी.

यापो येथील टबीथा मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखविली. तिच्या स्वभावाविषयी त्या बोलल्याचे लिहिलेले नाही. काम दाखविले: ही शिवण, हे कापड. आमच्या अंबरनाथच्या माउलीचे काम दाखवा असे कोणी म्हटले असते, तर आम्ही काय दाखविले असते? दोरे कापलेल्या विजारी कोण कोठे नेसून गेला, कोणास ठाऊक. भाकऱ्या खाऊन संपल्या.

त्या दफनविधीनंतर दोन आठवड्यांनी आम्ही बदलापुरास दुसऱ्या एका आजीबाईंच्या घरी गेलो. तीस वर्षे प्रार्थनामंदिराची झाडलोट त्यांच्याकडे आहे. पगार नाही, कोणी नेमलेलेही नाही. “आजी, तुम्हांला मंडळीविषयी काही तक्रार आहे काय?” असे आम्ही सरळ विचारले. “नाही हो, पाळकसाहेब. देवाची कृपा आहे,” असे म्हणून त्या चहा ठेवावयास उठल्या. आम्ही बसून राहिलो. चहा झाला, दुसरा कपही झाला. मग त्या सुनेकडे पाहून हळूच म्हणाल्या, “त्या सतरंज्या तेवढ्या जड होतात. गुडघे वाकत नाहीत आता. उपासना झाली की समदी चपला शोधीत्यात.”

सतरंज्या सोळा आहेत. गेल्या रविवारी आम्ही व दोन वडीलजन मिळून त्या उचलल्या, घड्या घातल्या आणि कपाटात रचल्या. पंचवीस मिनिटे लागली. आजीबाई दाराशी खुर्चीवर बसून पाहत होत्या. मग त्यांनी हाक मारून सांगितले की घडी चुकते आहे. काठ आत घ्यावयाचा असतो.