जरा बाहेर थांबता का?

अंगापासून सुरुवात करू. डोक्यात काय चाललंय ते राहू द्या, ते नंतर येईलच. श्वास कुठपर्यंत पोहोचतोय, खांदे वर चढलेत का, जबडा आवळलेला आहे का, एवढंच बघा. बदलायचं काही नाही.

आता एखादी जुनी भीती आठवा. मोठी नको. रात्रीचे साडेअकरा वाजले, घरातलं माणूस परतलेलं नाही आणि फोन लागत नाही, एवढी पुरे. ती आठवताना कुठे उमटते ते बघा. पोटात गोळा येतो. घशाला कोरड पडते. नुकताच लावून पाहिलेला नंबर हात पुन्हा लावतो. 'मला भीती वाटते आहे' हे वाक्य मनात यायला बराच वेळ लागतो, कधी कधी ते येतही नाही. मग गेटपाशी ओळखीच्या स्कूटरचा आवाज होतो, जीव भांड्यात पडतो आणि पाठोपाठ, गंमत बघा, राग येतो. एक फोन करता येत नाही का?

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८८४ साली याच गोष्टीवर एक लेख लिहिला. अस्वल दिसतं, भीती वाटते आणि म्हणून आपण पळतो, असा आपला समज असतो. जेम्स म्हणाला, क्रम चुकतोय. शरीर आधी हलतं. त्या खळबळीची जाणीव हीच भीती. पुढच्या संशोधकांनी त्याच्या मताला पुष्कळ मुरड घातली, वाद अजून मिटलेला नाही. पण त्यानं सुचवलेला एक प्रयोग कोणालाही बसल्या जागी करता येतो. भीतीतून शरीर वजा करायचं. धडधड काढा. गोळा काढा. कोरड काढा, हात शांत करा. सावकाश करा, घाई नाही.

उरते ती एक बातमी: माणूस अजून आलेलं नाही.

ही बातमी आजच्या बोलणाऱ्या यंत्रालाही देता येते. त्यावर ते समजूतदार चार वाक्यं लिहील, त्यात एकही चूक नसेल. इथेच 'बघा, यंत्राला भावना नसतात' म्हणून उठायचा मोह होतो. उठू नका. हे फार स्वस्तात पदरात पडलेलं उत्तर आहे.

साठ वर्षं मागे जाऊ. जोसेफ वाइझेनबाउम मूळचा बर्लिनचा. ज्यू कुटुंबातला हा मुलगा १९३६ मध्ये, तेराव्या वर्षी, हिटलरच्या जर्मनीतून आईवडिलांबरोबर निसटून अमेरिकेत आला. पुढे एमआयटीत संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि तिथे त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला. त्याची माहिती १९६६ मध्ये छापून आली. प्रोग्रॅमचं नाव एलायझा. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलं विकणारी मुलगी, एलायझा डूलिटल, तिच्यावरून ते ठेवलेलं. आपल्याकडे हीच मुलगी पुलंच्या 'ती फुलराणी'त मंजुळा होऊन आली आणि भक्ती बर्वेंनी ती अशी उभी केली की नाटक पाहिलेल्या पिढीला आजही मंजुळा म्हटलं की तोच आवाज ऐकू येतो. शिकवू तसं हे यंत्र अधिकाधिक चांगलं बोलेल, एवढाच नाव देण्यामागचा विचार. पण नाटकातल्या मुलीकडे राग, मान, हट्ट, आशा सगळं होतं आणि 'शुद्ध' बोलणं तेवढं नव्हतं. प्रोग्रॅमकडे फक्त बोलणं होतं. वाइझेनबाउमला हे तेव्हा जाणवलं असेल का, कोण जाणे.

एलायझा आत कशी चालायची ते जवळून बघू. ती मानसोपचारतज्ज्ञाचं सोंग घ्यायची. त्यातही कार्ल रॉजर्सच्या पद्धतीचा डॉक्टर, म्हणजे स्वतः फारसं न बोलता रुग्णाचंच बोलणं त्याच्यापुढे धरणारा. समजा, तुम्ही टाइप केलंत, 'मला माझ्या आईची काळजी वाटते.' प्रोग्रॅम वाक्यात ठरावीक शब्द शोधायचा. 'आई' सापडली की तिच्या नावापुढे मांडून ठेवलेल्या उत्तरांतलं एक काढायचं: घरच्यांबद्दल आणखी सांगा. 'माझ्या'चं 'तुमच्या' करायचं आणि वाक्य परत फिरवायचं. एकही ओळखीचा शब्द सापडला नाही, तर 'पुढे बोला' आहेच. आणि एक खास युक्ती. 'माझं' असलेली काही वाक्यं ती बाजूला ठेवायची आणि बोलणं अडलं की त्यातलं एक बाहेर काढायची: मघाशी तुम्ही आईच्या काळजीबद्दल म्हणालात ना? समोरच्याला वाटावं, हिच्या लक्षात आहे!

बस्स. आत आणखी काही नव्हतं. आई म्हणजे काय आणि काळजी म्हणजे काय, याचा लवलेशही नाही.

वाइझेनबाउमच्या सेक्रेटरीनं हे काम महिनोन्‌महिने पाहिलं होतं. हा नुसता प्रोग्रॅम आहे, हे तिला पक्कं माहीत असणार. एक दिवस ती त्याच्याशी बोलायला बसली आणि दोन-चार वाक्यं झाल्यावर मागे वळून साहेबांना म्हणाली, जरा बाहेर थांबता का?

या बाईपाशी थोडं थांबायला हवं. तिला भोळी ठरवून लोक पुढे जातात. वाइझेनबाउमनंही तिच्यासारख्यांच्या वागण्याला भ्रमाच्या जवळ नेऊन ठेवलं. मला ते पटत नाही. तिची फसवणूक झाली असती तर तिनं यंत्राला काहीतरी विचारलं असतं, त्याचं मत मागितलं असतं. तिनं फक्त एका माणसाला बाहेर जायला सांगितलं. यंत्राला तिची ओढ नव्हती, राग नव्हता, उद्या तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला त्याला नजरच नव्हती. साहेबांना होती. आपल्या बोलण्याचा दुसऱ्या मनावर काय परिणाम होतो हे माणसाला कळतं, म्हणूनच तिला तिथे दुसरं मन नको होतं. त्या खोलीतली सगळी भावना तिची होती आणि ती पुरेपूर खरी होती.

आता स्वतःकडे वळा. तुम्हीही कधी फोनवरच्या अशा एखाद्या यंत्राला रात्री काहीतरी लिहिलं असेल. ऑफिसातला अपमान, मुलाचे मार्क, न सांगितलेला आजार. उत्तर आल्यावर बरं वाटलं? वाटलं असेल तर लाजू नका. नुसतं हे बघा की बरं वाटलं ते उत्तरामुळे, की स्वतःचं म्हणणं एकदाचं वाक्यात बसवता आलं म्हणून?

माणसाचं मन रिकाम्या जागी मन बसवतं. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या दोघांनी १९४४ साली एक छोटी फिल्म बनवून विद्यार्थिनींना दाखवली. पडद्यावर एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारी एक चौकट. आकृत्या हलतात, बाकी काही नाही. काय दिसलं म्हणून विचारल्यावर जवळजवळ सगळ्याजणी गोष्ट सांगू लागल्या: दांडगा त्रिकोण त्रास देतोय, वर्तुळ घाबरलंय, लहान त्रिकोण त्याला वाचवतोय. त्रिकोणाला बोलता येत नव्हतं, तरी एवढं झालं. समोरची वस्तू शुद्ध मराठीत 'तुमची घालमेल मी समजू शकते' म्हणते तेव्हा आपण काय करणार?

आजची यंत्रं एलायझासारखी नाहीत, हेही नीट मान्य करायला हवं. त्यांच्यापुढे पुस्तकं, बातम्या, भांडणं, कथाकादंबऱ्या असा माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर ठेवलेला असतो. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द ओळखायचा, चुकलं की आतले अब्जावधी आकडे किंचित सरकवायचे, असं शिक्षण चालतं. नंतर माणसंच उत्तरांना पसंती-नापसंती देतात आणि पसंतीच्या दिशेनं यंत्राला वळण लावलं जातं. त्याचा मऊ, न चिडणारा सूर बराचसा तिथून आलेला. लिहिता येणाऱ्या माणसांनी दुःखाबद्दल जे जे लिहून ठेवलं, त्यातलं पुष्कळ त्याच्या आकड्यांमध्ये मुरलेलं आहे. म्हणून ते दुःखाबद्दल बोलताना कधी कधी शेजाऱ्यापेक्षा नेमकं बोलतं. एखाद्या निष्णात प्रसूतितज्ज्ञ पुरुषाला कळांबद्दल जेवढं माहीत असतं, तेवढं पहिलटकरणीला नसतं. पण त्या रात्री कळा कोणाला येतात?

जाणणं आणि सोसणं यांत एवढं अंतर असेल, तर सोसण्याचा उपयोग तरी काय, असं मनात येईल. भावना ही बुद्धीच्या वाटेतली अडचण, असं आपल्याला शाळेपासून ऐकवलेलं असतंच. अंतोनिओ दामासिओ या मेंदूतज्ज्ञानं १९९४ च्या त्याच्या पुस्तकात एका रुग्णाची हकिकत दिली आहे. पुस्तकात त्याला एलियट म्हटलंय. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढताना तिथला काही भागही गेला. बुद्धीच्या चाचण्यांत एलियट उत्तम होता. स्मरणशक्ती शाबूत, बोलणं व्यवस्थित. पण कागदपत्रं लावायला बसला की ती तारखेनं लावावीत, आकारानं की विषयानं, यावर अख्खी दुपार घालवायचा. नोकरी गेली, साठवलेले पैसे बुडाले, संसार मोडला. हे सगळं तो दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसा शांतपणे सांगायचा. ऐकताना दामासिओच अस्वस्थ व्हायचा. पर्याय एलियटला सगळे दिसत होते. एकही पर्याय त्याला टोचत नव्हता, खुणावत नव्हता.

म्हणजे 'एवढ्या क्षुल्लक कामाला दुपार कसली घालवतोस' हे आपल्याला बुद्धी सांगत नाही, आतला कंटाळा सांगतो. कंटाळ्याकडे या नजरेनं कधी पाहिलंय? आज दिवसभरात त्यानं तुम्हाला कुठून कुठून उठवलं, ते आठवा.

यंत्र मात्र एलियटसारखं अडकत नाही. ते क्षणात निवडतं आणि निवड चुकली तर तितक्याच गोडव्यानं दुसरी पुढे करतं. त्याला त्यानंतर काही भोगायचं नसतं. आपल्या प्रत्येक निवडीमागे एक शरीर असतं. ते दमतं, म्हातारं होतं, त्याचं भाडं थकतं. निदान आजच्या यंत्रांना असं काही पणाला लावावं लागत नाही. उद्याच्या यंत्रांना लावावं लागेल का? आकड्यांच्या त्या जाळ्यात कसली तरी जाणीव असू शकते का? तज्ज्ञांमध्ये यावर एकमत नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याचं उत्तर यंत्राच्या बोलण्यात शोधू नका. 'मला वाटतं' असं म्हणायला ते आपल्याकडूनच शिकलंय. तेवढ्यावरून आत काही आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही नाही.

आणि माणसांच्या बाबतीत तरी आपण शब्दांवर कुठे विसंबतो? हॉस्टेलवर राहिलेल्या कोणालाही आईचा फोनवरचा 'जेवलास का?' आठवेल. मागे कुकरची शिट्टी, टीव्हीवरची मालिका, बाबांचं 'कोणाचा फोन आहे?' आणि उत्तराआधीची ती एक क्षणाची शांतता. तुम्ही 'हो' म्हटलंत तरी तिकडे कळायचं की नाही जेवलेलं. मग रागावणं, मग 'डब्यात लाडू आहेत ना अजून?' प्रश्न कसला होता हे दोघांनाही माहीत. 'नाही' म्हटलं असतं तर त्या बाईला रात्री नीट झोप लागली नसती. तुमच्या उत्तराची किंमत तिकडे कोणीतरी मोजत होतं. यंत्रही विचारतं, 'तुम्ही काही खाल्लंत का?' प्रश्न चांगलाच आहे. तुमच्या 'नाही'चं तिकडे काय होतं, हे एकदा शांतपणे डोळ्यांसमोर आणून बघा.

लोक एलायझात असे गुंतलेले बघून वाइझेनबाउम इतका हादरला की १९७६ मध्ये त्यानं आपल्याच क्षेत्राविरुद्ध पुस्तक लिहिलं. काही मानसोपचारतज्ज्ञ एलायझावरून स्वयंचलित उपचाराची स्वप्नं बघू लागले होते. संगणकाला हे जमेल का, यावर वाद घालण्यात त्याला रस नव्हता; जमलं तरी काही कामं त्याच्याकडे सोपवू नयेत, असं तो म्हणत राहिला. त्याच पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. लोक एलायझाशी काय बोलतात ते रात्री काढून तपासायची सोय करावी, असं त्यानं सुचवलं. लगेच आरोप सुरू झाले की हा लोकांच्या अगदी खासगी गोष्टींवर पाळत ठेवतोय. यंत्राला सगळं सांगून झालेलं होतं. माणसानं ते वाचू नये, एवढीच अट.

आज तुम्ही जे लिहिता ते बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर साठतं. कोण वाचू शकतं, किती दिवस राहतं, हे त्या लांबलचक अटींमध्ये लिहिलेलं असतं आणि आपण 'मान्य' दाबून मोकळे होतो. त्याबद्दल सावध राहाच. पण मननासाठी वेगळं काहीतरी घ्या. यंत्राला सांगितलेली आणि माणसाला न सांगितलेली एक गोष्ट निवडा. ती लिहिताना कोणाला खोलीबाहेर पाठवलं होतंत, त्याचा चेहरा समोर आणा. बहिणीचा असेल, नवऱ्याचा असेल, जुन्या मित्राचा असेल. त्याला आत बोलावून तीच वाक्यं ऐकवली तर तो बहुधा मध्येच तोडेल. स्वतःचंच काहीतरी सांगत बसेल. 'त्यात काय एवढं' म्हणेल, किंवा घाबरून भलताच सल्ला देईल, आणि दोन दिवसांनी, तुम्ही विसरला असाल तेव्हा, अवेळी फोन करून विचारेल, 'त्या दिवशी म्हणत होतास, त्याचं काय झालं रे?'